पाय कापू दिला नाही

माझा पाय कापायचा हे माझ्या नवऱ्यानं, थोरल्या दिरानं आणि त्या पहिल्या दवाखान्यातल्या डॉक्टरनं मिळून ठरवलं, तेव्हा मी आत खाटेवर जागीच होते. दार सताड उघडं. दुखत होता पाय, कान नव्हे, एवढंही कुणाच्या ध्यानात आलं नाही. "गुडघ्याखालून" हा शब्द मी तिथंच ऐकला. मग मालक, म्हणजे माझा नवरा, कागद घेऊन आत आले. सोबत अंगठ्याला लावायची शाईची डबी. मी सातवी शिकलेली, पाथर्डीला शिवणक्लास केलेली, दुकानाच्या पाटीवर 'कमल लेडीज टेलर' ही अक्षरं स्वतः रंगवलेली बाई, आणि मला अंगठा उठवायला लावत होते. माझं टाळकं तिथंच सरकलं.

"कशाचा कागद हाय?" मी विचारलं.

"जीव वाचायचा," मालक म्हणाले. डोळे खाली.

"जीवाचा, का पायाचा?"

त्यांनी शाईच्या डबीचं झाकण उघडलं. मग मीच बोलले, "पाय माझा हाय. कुणी इचारलं न्हाई मला. मी सही बी करायची न्हाई आन् आंगठा बी द्यायची न्हाई."

दीर म्हणाला, बाईमाणसानं एवढं ताठ असू नये. मी म्हणलं, बाईमाणसाला मशीन पायानंच चालवावं लागतं. डॉक्टर म्हणाले, मग घेऊन जा, आमची जबाबदारी नाही. आम्ही निघालो.

हे मी का लिहिते आहे, तर हल्ली वस्तीवर कुणाला काही चिघळलं की बाया माझ्याकडं येतात आणि पाय दाखवा म्हणतात. दाखवते. पण पाय बघून काही कळत नाही. काय झालं ते सांगावं लागतं. एक आधीच सांगते. माझा पाय वाचला म्हणून कुणीही कागद फाडून घरी जाऊन बसू नये. मी घरी बसले नव्हते. मी दुसऱ्या डॉक्टरकडं गेले होते.

काटा

काटा वेड्या बाभळीचा. पंचाण्णव-शहाण्णवचा तो काळ. आमच्या वस्तीवर पाणी दुरून आणावं लागायचं, आणि वाटेवर ही बाभळ. रबराची जुनी चप्पल फोडून काटा टाचेत घुसला. सुईनं उकरून काढला, वरून बिब्ब्याचा चटका दिला, आणि लग्नसराईचे ब्लाऊज शिवायला बसले. काटा कुणाला मोडत नाही? त्याचं कौतुक कोण करणार.

चार-आठ दिवसांत टाच सुजली. मग आमच्या आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, मांडणीवरचा पत्र्याचा डबा काढला. असा डबा आमच्याकडं घरोघरी असतो. कुणाला ताप आला, गळू झालं, की डॉक्टरच्या गोळ्या बरं वाटेस्तोवर खायच्या आणि उरलेल्या जपून ठेवायच्या. भाकरीचा तुकडा टाकत नाहीत, मग औषध कसं टाकतील? ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्या तर मिरचीपुडीच्या गाठोड्यात ही पुडीसुद्धा बांधून नेतात. कोयता लागला की कॅप्सूल पिळून फोडायची, आतली पिवळी पूड जखमेत भरायची, वर चिंधी. शेजारणीकडं जास्त असल्या तर ती मागायच्या आत आणून देते. हा आमच्याकडचा शेजारधर्म आहे आणि त्यात कुणाच्याच मनात वाईट नसतं.

आत्याबाईंनी माझ्या टाचेत पूड भरली. दोन दिवस बरं वाटलं. पुन्हा ठणका लागला. गावातल्या डॉक्टरनं सुई मारली, गोळ्या दिल्या. पुन्हा दोन दिवस बरं, पुन्हा ठणका. दर खेपेला गोळ्यांचा रंग नवा. लग्नसराई सरली, टाचेला भोक पडलं, त्यातून पाणी झिरपायला लागलं. लोक म्हणाले, फुटलं ते बरं झालं, घाण निघून जाईल. घाण काही निघून गेली नाही. अंगात ताप राहायला लागला, आणि नगरला फोटो काढला तेव्हा टाचेचं हाड आतून खाल्लेलं दिसलं. तिथंच तो कागद पुढं आला.

खडूस

कागदावर सही न करता निघालो तेव्हा मालकांनी जीप थोडी पुढं नेली आणि रस्त्याच्या कडेला उभी केली. ते पाथर्डी-नगर जीप चालवायचे. टपावर माणसं बसवून घाट चढवणारा माणूस, स्टिअरिंगवर डोकं टेकून रडायला लागला. म्हणाले, "तू मेलीस तर मी काय करू?" मला त्यांचा लई राग आला होता, तो तिथं अर्धा उतरला. माणूस वाईट नव्हता, भेदरला होता. मीही भेदरले होते. पोरगी माहेरी ठेवलेली, ती सारखी डोळ्यांपुढं यायची. पण मी भेदरले की भांडते, हा माझा स्वभावच आहे.

मग त्यांनीच सांगितलं की त्यांच्या जीपमधली एक बाई नगरातल्या दुसऱ्या एका हाडाच्या डॉक्टरचं नाव घेत होती. माणूस खडूस आहे पण घाई करत नाही, म्हणे. आम्ही जीप वळवली. मागच्या बाकावर आत्याबाई होत्या, औषधांचा डबा मांडीवर घेऊन.

खडूस हा शब्द कमीच पडला. त्यांनी नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. चिंधी सोडली, खिडकीपाशी नेऊन उजेडात धरली आणि चक्क हुंगली. आत्याबाईंनी तोंडाला पदर लावला. चिंधीवर हिरवट डाग होते, ते मी इतके दिवस कुठल्या तरी पाल्याचे समजत होते. वासही पुवासारखा नव्हता, जरा गोडसर, जास्त पिकलेल्या द्राक्षांसारखा.

"काटा चप्पल फोडून गेला होता का?" त्यांनी विचारलं. "चप्पल रबराची?"

आम्ही एकमेकांकडं बघायला लागलो. मी हो म्हणलं. आजवर घेतलेली औषधं त्यांनी मागितली, तशी आत्याबाईंनी डबाच पुढं केला. डॉक्टरांनी तो उघडून पाहिला आणि बाजूला सारला.

"सगळं बंद. पोटात नाही, जखमेत नाही. एक गोळीसुद्धा नाही."

मालक कासावीस झाले. औषध चालू असताना ही गत, बंद केल्यावर काय होईल, असं त्यांनी विचारलं. तर डॉक्टर म्हणाले, औषध अंगात असताना नमुना तपासायला नेला की जंतू उगवत नाहीत, अर्धमेले होऊन दडून बसतात. मला ते जिवंत पाहिजेत. कोण आहे ते कळल्याशिवाय कुठलं औषध द्यायचं हे मला कळत नाही, आणि तुमच्या आधीच्या डॉक्टरलाही कळलेलं नव्हतं. वाट बघायला मी तुम्हाला घरी सोडत नाही. इथं राहायचं, ताप चढला तर मी आहे.

"पाय कापणार का तुमी?" मी मधेच विचारलं.

ते पहिल्यांदा माझ्या तोंडाकडं बघून बोलले. "सडलेलं हाड खरवडावं लागणार. पाय वाचेल असा शब्द देत नाही. पण प्रयत्न केल्याशिवाय कापणार नाही, एवढा शब्द देतो."

मला तेवढा पुरला.

पूड

औषधाविना ते दिवस काढले ते माझं मला माहीत. सकाळी फिनेलचा वास आला की समजायचं दिवस उगवला. मग काखेत थर्मामीटर, मग किटलीतला पाणचट चहा, मग डॉक्टर यायची वाट. शेजारच्या खाटेवर कोल्हारच्या एक म्हातारबाई, खुब्याचं हाड मोडलेल्या. त्यांच्या मळ्यातले पेरू यायचे. कळ आली की त्या मला फोड द्यायच्या आणि म्हणायच्या, "चाव जोरात, वरडू नको, मला झोप लागलीय." मी चावायचे. त्या पेरूंनी मला किती सांभाळलं हे त्यांना ठाऊक नसेल.

दुखणं दुखण्याच्या जागी, पण खरी भीती वेगळीच होती. काहीच न करता पडून राहायचं, आणि आत हाड कुरतडलं जातंय हे माहीत असायचं. मी हट्ट करून पाय वाचवायला आले आणि या हट्टापायी जीव घालवून बसले तर? हा विचार मी मालकांना सांगितला नाही. ते लगेच कागद आणायला पळाले असते.

तपासणीचा नमुना घ्यायचा त्या सकाळी डॉक्टरांनी पट्टी सोडली आणि त्यांचा हात थांबला. जखमेत पिवळी पूड. आदल्या दुपारी मला ग्लानी आली असताना आत्याबाईंनी कनवटीला लपवून आणलेली कॅप्सूल फोडून जखमेत भरली आणि पाय झाकून ठेवला होता.

डॉक्टर असे भडकले की वॉर्डातल्या सगळ्या माना वळल्या. इतके दिवस पाण्यात गेले, नमुना आता पुन्हा लांबणार, असं काय काय बोलले. आत्याबाई भिंतीला लागून उभ्या. एवढंच पुटपुटल्या, "तिची कळ बघवंना मला, सायेब." चुकलं त्यांचं, आणि भोगायचं होतं मला. तरी माझ्याच्यानं राहवेना.

"त्यांना वरडू नका," मी डॉक्टरांना म्हणलं. "जे ठावं हुतं ते त्यांनी केलं. पुडीनं काय बिघडतं ते आमाला कुणी कधी सांगितलंच न्हाई. आता तुमी सांगा."

त्यांना वाटलं नसावं की पेशंट असं बोलेल. ते स्टूल ओढून बसले.

म्हणाले, जंतू एका जातीचे नसतात. काहींच्या अंगावर भक्कम कवच असतं, काहींचं नाजूक. एखादं औषध ते कवच फोडतं, एखादं आत शिरून जंतूचा वाढायचा कारभार बंद पाडतं. ज्या औषधाला एक जात मरते, त्याच औषधाला दुसरी जात जुमानत नाही. काही तर औषध आत आलं की बाहेर फेकून देतात. जखमेवर पूड टाकली तर ती हाडापर्यंत पोचतही नाही.

"मग दोन दिवस बरं का वाटायचं?" मी विचारलं.

"मरणारे मरत होते म्हणून. न मरणारे मागं राहिले. तुम्ही त्यांना रान मोकळं करून दिलंत, खायला-प्यायला भरपूर, वाटेकरी कुणी नाही."

आत्याबाईंनी हे सगळं ऐकलं. त्या दिवसापासून त्या माझ्या पायथ्याशी ज्या बसल्या, त्या हलेनात. भेटायला आलेल्या दिरानं खिशातून मलमाची डबी काढली, तर त्याच्या हातावर सणसणीत चापट मारली त्यांनी. "लांब हो मेल्या, जंतू उगवायचेत अजून." कोल्हारच्या बाई एवढ्या हसल्या की त्यांचा खुबा दुखायला लागला.

बशी

पुन्हा थोडे दिवस औषधाविना काढले, मग खरवडायचं ऑपरेशन झालं. हाडाचे मेलेले तुकडे काढले, त्यातलेच तपासायला गेले. वरवरचा पू पाठवला तर कातडीवरचे भलतेच जंतू सापडतात, म्हणून हाडातलंच पाठवलं, असं डॉक्टरांनी सांगितलं. मग पुन्हा वाट. निकाल आला असं कळलं तेव्हा मी हट्ट धरला, मला दाखवा. कागद नको, जंतू दाखवा. ज्यानं माझं हाड खाल्लं त्याचं तोंड मला बघायचं होतं.

दुसरा कुणी डॉक्टर असता तर हसला असता. हे गेले आणि चिकटपट्टीनं बंद केलेली काचेची चपटी बशी घेऊन आले. हात लावू दिला नाही. लांबूनच, उजेडात धरून दाखवली. आत हिरवट साय पसरलेली, माझ्या चिंधीवर होती त्याच रंगाची. हा जंतू जुन्या ओलसर रबरात राहतो, म्हणूनच चपलेचं विचारलं होतं, असं ते म्हणाले. सायीवर कागदाच्या बारक्या टिकल्या ठेवलेल्या. एकेका टिकलीत एकेक औषध, ते म्हणाले. औषध चालतं तिथं टिकलीभोवती गोल मोकळं होतं, चालत नाही तिथं साय अगदी कडेला येऊन भिडते.

मी बघत गेले. एका टिकलीला साय चिकटलेली. दुसरीला चिकटलेली. ही कसली, विचारलं, तर ती आमच्या डब्यातल्या पिवळ्या पुडीची. ती कसली, तर गावातल्या सुयांची. सगळ्यांना साय चिकटलेली. जंतू त्यांना डोक्यावर घेऊन बसला होता म्हणा ना! फक्त तीन टिकल्यांभोवती स्वच्छ गोल होता, कपड्याला गळा कापतात तसा.

मला रडू आलं. भीतीचं नव्हतं ते, संतापाचं होतं. एवढे महिने मी ठणका सोसला, ताप काढला, सोन्यासारखी गिऱ्हाइकं परत पाठवली, आणि त्यातलं एकही औषध माझ्या कामाचं नव्हतं. पाय कापायला निघाले होते, पण आधी ही बशी बघावी असं कुणाला वाटलं नाही.

"ह्यातलं सगळ्यात दांडगं कुठलं ते द्या," मी म्हणलं.

"दांडगं नाही, लागू पडणारं," डॉक्टर म्हणाले. "जंतूही बघायचा आणि तुम्हीही. मूत्रपिंडाला झेपेल का, कान सांभाळतील का, हाडात उतरेल का. बशीत मारणारं प्रत्येक औषध माणसाला चालत नाही."

शीळ

मग शिरेतून इंजेक्शनं, दोन तऱ्हेची, आठवड्यामागून आठवडे. शिरा दगडासारख्या झाल्या. हात संपले की पायावर शोधायचे, चांगल्या पायावर. दर थोड्या दिवसांनी लघवी आणि रक्त तपासायला न्यायचे, कारण त्यातलं एक औषध मूत्रपिंडाला आणि कानाला त्रास देतं हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. कानात काही वाजलं तर लपवायचं नाही, अशी ताकीद होती.

आणि वाजलं. एका दुपारी उजव्या कानात बारीक शीळ सुरू झाली. मालक म्हणाले, सांगू नकोस, औषध बंद करतील, आता कुठं जखम लाल दिसायला लागली आहे. त्यांचंही खोटं नव्हतं. माझ्याही मनात तेच आलं. पण पायासाठी कान द्यायचा आणि उद्या कानासाठी आणखी काही, हा असला सौदा मी करणार नव्हते. मी डॉक्टर यायची वाटसुद्धा बघितली नाही, हाका मारून बोलावून घेतलं.

त्यांनी ते औषध तिथंच थांबवलं. दुसरं चालू ठेवलं. नंतर जखम भरत आली तशी तिसऱ्या टिकलीवरची गोळी सुरू केली, तेव्हा नवीनच आलेली, पोटातून घेऊनही हाडापर्यंत पोचणारी. शीळ हळूहळू विरली. कधी एकदम शांत असलं की अजूनही ऐकू येते, पण तिच्याशी माझं काही भांडण नाही.

तुमच्यातल्या कुणाला असलं औषध चालू असेल तर एवढंच ऐका. कान वाजला, लघवी कमी झाली, अंगावर पुरळ आलं, तर डॉक्टरला सांगा. सांगितलं म्हणून कुणी औषध हिसकावून घेत नाही. दुसरं शोधतात.

घरी

घरी सोडलं तेव्हा टाचेवर फक्त एक खोलगट वण होता. गोळ्या मात्र अजून बरेच आठवडे घ्यायच्या होत्या. डॉक्टरांनी दोनदा बजावलं, बरं वाटेल आणि बरं वाटलं की तुम्ही लोक थांबता. मी म्हणलं, आमी लोक म्हंजे कोन? मी थांबणार न्हाई. ते हसले. तेवढा एकदाच तो माणूस हसताना मी बघितला.

बरं वाटलंच. चालायला लागले, मशीनवर बसायला लागले. गोळ्या चालू होत्या आणि संपत आल्या होत्या, तेवढ्यात मालकांचा हात जीपच्या जॅकखाली चेचला. पहिल्या दिवशी हळद, दुसऱ्या दिवशी सूज, तिसऱ्या दिवशी बोटं मिटेनात. सकाळी मी भाकरी थापत होते. आत्याबाई आल्या आणि हात पुढं केला.

"दोन गोळ्या काढ. तुजा पाय तर झाला बरा."

दवाखान्यात माझ्या पायावर पहारा दिलेली बाई ही. पण आता पोटचा पोरगा कण्हत होता, आणि घरात औषध असताना द्यायचं नाही असं त्यांनी जन्मात कधी केलं नव्हतं. मी सांगितलं की ही गोळी माझ्या जंतूची आहे, त्यांच्या हातातला कोण आहे ते कुणी बघितलेलं नाही. आणि माझ्यातल्या दोन कमी केल्या आणि हाडात एखादा राहिला, तर मी पुन्हा त्या खाटेवर. आत्याबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"नवऱ्यापरीस गोळी मोठी झाली का तुला?" त्या म्हणाल्या.

हे लागलं. शेजारणी दारात येऊन उभ्या होत्या, त्यांनीही ऐकलं. मला माहीत होतं, हे वाक्य आता वस्तीवर वर्षभर फिरणार. मालकांनी माझ्याकडं बघितलं. तोंडानं मागितली नाही गोळी, पण मी दिली असती तर त्यांनी घेतली असती.

मी गोळ्या ट्रंकेत टाकल्या, कुलूप लावलं, किल्ली गळ्यात घातली. तव्यावरची भाकर उतरवली. मग मालकांना म्हणलं, उठा, डॉक्टरकडं जायचं.

जीप दारात होती, पण एका हातानं ती चालवणार कशी? एसटी फाट्यावरून मिळते, आणि फाटा चांगला लांब. आत्याबाई म्हणाल्या, तू कुठं जातीस त्या पायानं, कुणाला तरी धाड. मी बूट घातले. चप्पल मी तेव्हापासून घालत नाही. आणि बाहेर पडले.

वाट तीच, दोन्ही बाजूंनी वेड्या बाभळी. टाच जमिनीला लागत होती आणि दुखत नव्हती. नुसती टेकत होती, दुसरीसारखीच. मी वेग वाढवला.

"अगं, हळू चाल की जरा," मालक मागनं म्हणाले. ते हात छातीशी धरून पाय ओढत येत होते.

"तुमीच या पटापट," मी म्हणलं. "एसटी थांबायची न्हाई आपल्यासाठी."